काळुरामच्या फटफटीचा कौल

मी आयऱ्याची. डोंबिवली स्टेशन मागे टाकलं की भातखाचरं लागायची, तिथलं आमचं गाव. लग्न होऊन आले ती ठाण्याच्या खाडीकाठी खारीपाड्यात, कोलशेतच्याही पुढे, मिठागरं संपून नुसता चिखल सुरू होतो तिथे. हे आधीच सांगते, कारण या गोष्टीतली बाई माझ्या माहेरची आणि पुरुष माझ्या सासरचा. दोघांनीही आपापल्या तोंडाने मला सगळं सांगितलेलं आहे. मधलं पाड्याने सांगितलं. सांगताना पाड्याला लाज वाटत नव्हती, उलट हसू येत होतं. त्याचा मला राग आहे आणि तो झाकून ठेवायचा माझा विचार नाही.

पुरुषाचं नाव काळुराम. मी पाड्यात आले तेव्हा चाळिशीला टेकलेला, डाव्या पायाने जरा लंगडणारा, तोंडाने गोड. मी त्याला काळूमामा म्हणायची. वाईट माणूस म्हणावा तर तसाही नव्हता. कोणाच्या बांधाला त्याने कधी हात लावला नाही, कोणाच्या कोंबडीला दगड मारला नाही. असल्या माणसांचीच मला जास्त भीती वाटते. वाईट माणसापासून आपण चार हात लांब तरी राहतो.

त्याचा बाप मिठागरावर राबून गेला. मिठाने पायांना पडलेल्या भेगा म्हातारा मेला तेव्हाही उघड्याच होत्या म्हणे. काळुरामला त्या भेगा नको होत्या. लढाईच्या दिवसांत कल्याणला लष्कराच्या छावण्या पडल्या. तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात हा कामाला लागला. काम काय, तर मोडलेल्या गाड्यांचे भाग रॉकेलात बुडवून घासायचे. पण पायात बूट आले. आणि तिथे त्याने गोऱ्या शिपायांना फटफटीवर बसताना पाहिलं. "एक लाथ मारायची नि लोखंड बोलाय लागतं," असं तो मला सांगायचा, आणि सांगताना अजूनही त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. बापाच्या भेगांबद्दल बोलताना कधी आलेलं मी पाहिलं नाही.

लढाई संपली, गोरे गेले. छावणीत सिंधमधून आलेली माणसं राहायला आली आणि उरलेलं भंगार कोणी कोणी उचललं. एका भंगारवाल्याकडे फुकट राबून काळुरामने त्याच्याकडून एक मोडकी फटफटी मिळवली. चाकं होती, टायर नव्हते. टाकी होती, तिला बूच नव्हतं. इंजिनात पावसाचं पाणी जाऊन आतलं सगळं गंजून एकजीव झालेलं. बैलगाडीत गवतावर घालून त्याने ती पाड्यात आणली, तेव्हा पोपट वाटेत उभा राहून म्हणाला, "खांदेकरी हायत का पुरं? का मी येऊ?"

हा पोपट म्हणजे पाड्याचं तोंड. कामधंदा बेताचा, पण जीभ कायम धार लावलेली. दारूबंदी आली तरी पोपटची दारू काही बंद झाली नाही, ती फक्त मागच्या दाराने येऊ लागली. त्याने बोलावं, पाड्याने हसावं, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्याच्यावर बोललं जाई त्यानेही हसायचं असतं, नाहीतर तो दुसऱ्या दिवशीही सापडतो.

काळुरामची आई सखुबाई हसली नाही. ती म्हणाली, "लोकं म्हस आनतात, यानी सांगारा आनला." सांगारा म्हणजे सांगाडा.

गोदा त्या घरात नुकतीच आलेली. आयऱ्याची म्हणून मी तिला गोदाआत्या म्हणते. पुढे आयऱ्याला आमच्या खाचरात भात लावताना ती माझ्या शेजारी असायची आणि ओणव्या ओणव्याच बोलायची, म्हणजे तोंड कोणाला दिसत नाही. ती म्हणाली, लग्नानंतर पहिले कित्येक दिवस नवरा तिच्याशी धड बोललाच नव्हता. सांगारा आला आणि बोलू लागला. पडवीत गोणपाट पसरून तो इंजिन खोलायचा आणि एकेक भाग तिच्या हातात द्यायचा. ती रॉकेलाच्या पातेल्यात धुवायची, जुन्या लुगड्याच्या चिंधीने पुसायची, ओळीने मांडायची. हा पिस्टन, ही रिंग, हा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारा डबा. तिच्या हातांना रॉकेलाचा वास राहायचा आणि सासू तिला भाकरी थापू द्यायची नाही. "तवाच त्यो माझेसंगती बोलायचा," गोदाआत्या म्हणाली. तिच्या संसारातलं सुख म्हणून सांगण्यासारखं तिच्याकडे तेवढंच होतं, मी दुसरं काही काढून घ्यायचा खूप प्रयत्न केला.

नुसतं धुऊन इंजिन चालू होत नाही. त्याला जाणकार लागतो. तो जेराल्ड. ठाण्यातला ख्रिस्ती, गिरणीत फिटर, छावणीच्या कारखान्यात काळुरामबरोबर होता. रविवारी चर्चमधून प्रार्थना आटोपून निघायचा तो सरळ सायकलवरून आमच्या पाड्यात, अंगावर इस्त्रीचा सदरा तसाच. आला की सदरा काढून खुंटीला आणि तो इंजिनात. गोदाला तो "वैनी" म्हणायचा, चहा घ्यायचा, सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी आवडीने खायचा. वैनी गोरी आहे की काळी, हे त्याला विचारलं असतं तर मागे वळून बघावं लागलं असतं, इतकं त्याचं लक्ष त्या लोखंडात. पण हे कळायला माणसाने त्याच्याकडे नीट पाहायला हवं. पाडा त्याच्या सायकलीकडे पाहत होता.

आणि इंजिन तर चालू होईना. रिंग बसली तर पिस्टन अडे. पिस्टन मोकळा केला तर ठिणगी पडेना. जेराल्डने मुंबईहून जुने टायर आणले, मॅग्नेटोची तार कोणाकडून तरी नवी भरून आणली, तर कार्बुरेटर गळू लागला. एकदा किक मारली आणि इंजिनाने उलटी लाथ हाणली. काळुरामच्या नडगीचं हाड मोडलं. ते वेडंवाकडं जुळलं आणि तो लंगडा झाला. पोपट म्हणाला, "घोरं लाथ मारतं म्हायती व्हतं. मेलेलं घोरं लाथ मारतं ह्ये कालूनी दाखवलं." पाडा हसला. काळुरामही हसला, हे लक्षात ठेवा. तो प्रत्येक वेळी हसायचा. आत मात्र साचत होतं, आणि साचलेलं शेवटी उताराकडेच जातं. घरात उतार एकच होता.

अशी चार-पाच वर्षं गेली. गोदाला मूल नव्हतं, त्याचीही कुजबुज होतीच.

मग तो शिमगा आला. आमच्याकडे होळी पेटली की बोंब मारतात, नावं घेऊन. वर्षभर जे तोंडावर बोलता येत नाही ते होळीपुढे ओरडायचं आणि ते मनावर घ्यायचं नाही, असा दंडक. दंडक फार सोयीचा आहे, पण फक्त ओरडणाऱ्याला. पोपट पिऊन आला होता. होळीचा जाळ चांगला उंच गेला, बाया पुरण वाहायला पुढे झाल्या, त्यांत गोदाही होती, आणि पोपटने तोंडावर हात घेऊन बोंब ठोकली:

"कालूची फटफटी बंद रंऽ! कालूची बायको चालू रंऽ!"

सगळा पाडा फुटला हसून. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. चालू म्हणजे काय आणि कोणाबरोबर, हे कोणाला सांगावं लागलं नाही. रविवारची सायकल सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. गोदाने पुरण वाहिलं, नारळ वाहिला, प्रदक्षिणा घातली आणि घरी आली. काळुराम होळीपाशीच थांबला. तोही हसत होता म्हणतात.

शिमग्यातलं बोलणं शिमग्याच्या राखेबरोबर जायला हवं. हे गेलं नाही. पाण्याला निघालेल्या गोदाच्या मागे पोरं ते तालावर म्हणू लागली. आणि कोणाच्या तरी डोक्यातून पुढची अक्कल निघाली, इतकी बिनतोड की ऐकणारा गप्पच व्हावा. इंजिन चालू झालं तर जेराल्ड येईल कशाला? मग ते चालू कसं होईल? चालू होऊ कोण देईल? झालं. इतकी वर्षं जे गंजाने आणि गळक्या कार्बुरेटरने अडलं होतं, ते आता गोदाने अडवलेलं ठरलं. या तर्काला उत्तर एकच होतं, इंजिन चालू होणं. एका बाईची अब्रू एका मोडक्या फटफटीला नेऊन बांधली आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

काळुरामने गोदाला मारलं नाही. मारलं असतं तर चार बायकांना तिची कीव तरी आली असती. त्याने तिच्याकडून पाना मागणं बंद केलं. तिने पुढे केला तर घ्यायचा नाही, उठून स्वतः दुसरा आणायचा. भाग धुवायला तिच्याकडे देईना, स्वतः धुवू लागला. तिने विचारलं, "मी काय केलं?" तर तो म्हणाला, "मी काय बोललू?" खरंच काही बोलला नव्हता.

मग पाडव्यानंतरच्या एका रविवारी ते झालं. जेराल्डने प्लग काढला, त्या भोकातून थोडं पेट्रोल सोडलं आणि म्हणाला, "ह्यो इंजनाचा तोंड. भुकेला हय बिचारा, पाजायला लागते." प्लग परत बसवला. काळुरामने चांगला पाय उचलून किक मारली. इंजिन खोकलं. पुन्हा मारली. इंजिन बोललं! पाचदहा श्वास बोललं असेल, धुराचा लोट पडवीत भरला, कोंबड्या उडाल्या, आणि मग पेट्रोल संपून थांबलं. सखुबाई बाजाराला गेली होती. पाड्यातलं कोणी नव्हतं. तिघांनीच ऐकलं. काळुरामने वळून गोदाकडे पाहिलं आणि हसला, आधी हसायचा तसा. "त्या दिवशी मना वाटला, सरला," गोदाआत्या म्हणाली. संकट सरलं, असं तिला वाटलं.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. चार दिवसांनी पुन्हा पेट्रोल मिळालं असतं, पुन्हा चालू केली असती, फिरवली असती पाड्यातून, आणि पोपटला दुसरं काही शोधावं लागलं असतं. पण मधे गावदेवीची जत्रा आली.

जत्रेत आमच्याकडे देवीला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनातलं विचारायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हे काम नाथा भगताचं. सखुबाई भर सभामंडपात पुढे झाली आणि म्हणाली, माझ्या सुनेचा कौल लावा. खरी का खोटी, एकदा कळू दे. गोदा बायकांत बसली होती. तिला कोणी उठवलंही नाही, विचारलंही नाही.

नाथा पाकळ्या भिजवू लागला, तेवढ्यात पोपट मागून बोलला, "देवीला कनाला तरास देता? फटफटीलाच लावा की कौल! चालू जाली तं बाय खरी, नाय जाली तं बाय चालू!"

पुन्हा हसू. पण या वेळी एकजण हसला नाही. तानाजी पाटील, पाड्याचा मोठा माणूस. त्याने मान हलवली आणि गंभीरपणे म्हणाला, "ह्ये बरोबर हाय. लावा." पाटील हसत नाही म्हटल्यावर बाकीचेही हसायचे थांबले आणि थट्टेचा न्याय झाला. तीन किका ठरल्या. तीन का? कौलाला तीन वेळा विचारतात म्हणून. येत्या रविवारी, देवळापुढच्या पटांगणात, सगळ्यांसमक्ष.

काळुराम म्हणाला, "लावतू." छाती काढून म्हणाला. त्याने आपल्या कानांनी इंजिन ऐकलं होतं ना! तो मला म्हणाला, "तिचीच लाज राखायला मी कबूल जालू." तो हे मनापासून म्हणत होता. बायकोची अब्रू पणाला लावताना ती आपली नव्हे, हे कोणाही नवऱ्याच्या लक्षात येत नाही. आपण जिंकणार एवढंच येतं.

आणि गोदा? तिनेही ऐकलं होतं इंजिन. पण तिने ते बंद पडतानाही ऐकलं होतं. चार रात्री तिचा डोळा लागला नाही. शनिवारी ती नाथा भगताच्या दारात गेली आणि म्हणाली, "बाबा, इंजनासाठी कायतरी द्या." नाथाने हसून वगैरे घालवलं नाही. देवीपुढच्या धुपाटण्यातला अंगारा कागदात बांधून दिला. तिने विचारलं, लावू कुठे? तो म्हणाला, "आजारी पोराला कसा लावतंस? कपाली बोट नि चिमटीभर तोंडात. तसाच."

आपल्याकडे कुठलीही आई हेच करते. पोर तापलं की कपाळाला अंगारा आणि जिभेवर चिमूट. गोदाला पोर नव्हतं, पण कसं करतात ते तिला ठाऊक होतं. इंजिनाचं कपाळ कुठलं हे तिला कळेना, म्हणून तिने फटफटीच्या पुढच्या दिव्याच्या वरती एक बोट ओढलं. तोंड मात्र कळत होतं. जेराल्डने सांगितलंच होतं.

रविवारी पहाटे काळुराम विहिरीवर अंघोळीला गेला तेव्हा तिने प्लगचा पाना घेतला. इतकी वर्षं ती हे पाने पुसत आली होती, कुठला कशाला लागतो हे तिला कोणी शिकवायला नको होतं. प्लग काढला. चिमटीत अंगारा घेतला आणि "आई, बोल गं," म्हणून त्या तोंडात घातला. कागदात उरलेला टाकवेना, देवीचा होता, म्हणून तो प्लगच्या टोकाला लावला. मग प्लग होता तसा आवळून बसवला आणि हात जोडले. प्लगचं टोक तेलाने ओलं होतं. तिथेच तर ठिणगी पडायची असते.

देवळापुढे सगळा पाडा जमला होता, कोलशेतहूनही माणसं आली होती. काळुरामने धुतलेला सदरा घातला होता. फटफटी त्याने आणि जेराल्डने ढकलत आणली. तिच्या हँडलला कोणीतरी झेंडूचा हार घातला होता. गोदाला एका बाजूला उभी केली होती, एकटी. पेट्रोल घातलं. नाथाने नारळ फोडला.

पहिली किक. काही नाही. काळुराम हसला, लोकांकडे पाहून म्हणाला, "गार हाय." दुसरी किक. नुसता पोकळ आवाज, फुस्स. पोपटने तोच आवाज तोंडाने काढून दाखवला आणि हशा पिकला. आता काळुरामच्या कपाळावर घाम आला. जेराल्ड म्हणाला, "थांब जरा, मना बघू दे." पण लोक ओरडले, हात लावायचा नाही, कौल आहे. तिसऱ्या किकेला काळुराम अख्खा उडाला तिच्यावर, मोडलेल्या पायावर तोल सावरत. फुस्स.

हसू आलंच नाही या वेळी. सगळ्यांनी गोदाकडे पाहिलं.

जेराल्ड खाली बसला होता. कौल संपला म्हटल्यावर त्याला आता कोणी अडवलं नाही. त्याने प्लग काढला, डोळ्यांसमोर धरला आणि त्याच्या तोंडून भाबडेपणाने निघून गेलं, "अरे, ही राख कुनी घातली इथं?"

प्लगला काळपट राखाडी चिखल बसला होता. काळुरामने तो पाहिला. मग गोदाकडे पाहिलं. "तू?"

गोदा कधी खोटं बोलली नाही. त्या दिवशी बोलली असती तरी देवीने काही मनात धरलं नसतं. ती म्हणाली, "होय. मीच घातला. अंगारा हाय त्यो, देवीचा."

"राख घातलीस तू माझे इंजनाचे तोंडात?"

"राख नाय. अंगारा."

आता सांगा, फरक काय? चुलीतली ती राख आणि देवीपुढची तो अंगारा. हातात घेतल्यावर कोणालाही ओळखता येणार नाही. ओळखणारा तिथे एकच होता. गोदा नाथाकडे वळली. "बाबा, सांगा ना. तुमीच दिलात."

नाथाने देवळाकडे पाहिलं. अंगाऱ्याने इंजिन बंद पडलं असं कबूल केलं तर उद्या पोर घेऊन त्याच्या दारात कोण येणार? तो म्हणाला, "मना म्हायत नाय." एवढंच म्हणाला. पुढे कित्येक वर्षं तो पाड्यातल्या पोरांना अंगारा देत राहिला, आणि घेणाऱ्यांनाही काही वाटलं नाही.

"करनी!" बायकांतून कोणी तरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणू लागले. सखुबाई घरात गेली आणि गोदाचं गाठोडं घेऊनच आली. इतक्या लवकर आली, म्हणजे बांधून तयारच ठेवलं असणार. गाठोडं तिने गोदाच्या पायाशी टाकलं. गोदाने काळुरामकडे पाहिलं. तो प्लगकडे पाहत होता. ती म्हणाली, "अवं, तुमी तरी सांगा, त्या दिवशी चालू जालं व्हतं ना? मी व्हते ना तवा?" काळुरामने मान वर केली नाही. तिच्याखेरीज दोघांनी ते इंजिन ऐकलं होतं. एकाने तरी तोंड उघडायचं. जेराल्ड "थांबा रे, नुसता पुसला की व्हतं, थांबा," असं म्हणत होता, पण त्याचं ऐकणार कोण? त्याच्याच नावाने तर सगळं चाललं होतं.

गोदाने गाठोडं उचललं. मिठागराच्या बांधावरून ठाण्याकडे जाणारी कच्ची वाट होती, त्या वाटेला लागली. पोरं थोडी लांब तिच्या मागे गेली, ढेकळं मारत. मग कंटाळून परत आली.

इकडे जेराल्डने खिशातून रुमाल काढला, चर्चमध्ये न्यायचा पांढरा रुमाल, आणि प्लग पुसला. चाकूच्या टोकाने खरवडला. पेट्रोलात बुडवला, फुंकला, बसवला. काळुरामला म्हणाला, "मार." काळुरामला आता कशाचंच काही नव्हतं. त्याने नुसता पाय टाकला, सवयीने.

आणि इंजिन धडधडलं.

या वेळी थांबलं नाही. पटांगणातल्या देवळाची घंटा हलली म्हणतात, त्यात थोडी भर असेल. धूर, आरडाओरडा, पोरांच्या उड्या. काळुराम रडत होता. जेराल्ड त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होता, "वैनीला बोलव! वैनीला बोलव!" पण इंजिनाच्या आवाजात कोणाला काही ऐकू येत नव्हतं. जेराल्डने मग सदरा घातला, सायकल घेतली आणि निघून गेला. पुन्हा कधी आला नाही. त्याच्या जाण्याकडेही कोणाचं लक्ष नव्हतं, कारण तेवढ्यात पाड्याला कौलाचा अर्थ सापडला होता. सखुबाईने हात आकाशाकडे करून म्हटलं, "गेली नि चालू जाली! बघा! बाय गेली नि गारी चालू जाली!"

याच्यापुढे कोण काय बोलणार? अजूनही आमच्या पाड्यात हा देवीच्या सत्याचा दाखला म्हणून सांगतात. मलाही लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तसाच सांगितला, मी आयऱ्याची आहे हे माहीत असून.

काळुराम फटफटीवर बसला. इतकी वर्षं ती एका जागी उभी होती, आता तिला रस्ता पाहिजे होता, आणि पटांगणातून सरळ निघणारी वाट एकच होती. बांधावरची तीच वाट. लोकांनी मागून ढकलल्यासारखं केलं, आणि तो निघाला.

पुढचं मला गोदाआत्याने सांगितलं, खाचरात, ओणवी असताना. ती बरीच पुढे गेली होती. मागून आवाज आला. तो आवाज तिला दुसऱ्या कोणाला कळला नसता इतका कळला. ती थांबली. वाट अरुंद म्हणून बांधाच्या कडेला सरकली. गाठोडं खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर नीट केला, डोळे पुसले. तो न्यायला येतोय आणि आपण रडकं तोंड करून कशाला, असं तिला वाटलं. मागे बसायला जागा कुठे आहे, कसं बसायचं असतं, तेही तिने त्या क्षणभरात मनाशी पाहून घेतलं. तिला फटफटीवर बसायचं कसं हे कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

तो आला. तिच्यापाशी येताना त्याचं सगळं तोंड हसत होतं. त्याने एक हात उचलला आणि ओरडला, "गोदे! चालू जाली गं!" आणि पुढे गेला.

ती तिथेच उभी राहिली. पुढे कुठे तरी वळायला जागा मिळेल, वळून येईल, म्हणून. उन्हं उतरली तेव्हा तिने गाठोडं उचललं.

तो वळला होता, पण दुसऱ्या वाटेने, घोडबंदरच्या रस्त्याने, कारण तो रस्ता चांगला होता. दुसऱ्या दिवशी तिला आणायला गेला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ती परत आली तर गाडी बंद पडेल, असं आई म्हणाली. तशीही ती फार दिवस चालली नाही. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने टाकी खाल्ली, मग सायलेन्सर, आणि एका पावसाळ्यात इंजिन जे अडकलं ते अडकलंच. ती मागच्या अंगणात भिंतीला टेकून होती, तिच्या सीटखाली कोंबड्या अंडी घालायच्या. गोदाआत्या आयऱ्याला भावाच्या घरी राबत होती. भावजय तिला भाकरी थापू देत होती, एवढाच काय तो फरक.

एकदा काळूमामा आमच्या ओटीवर चहाला आला होता. मी नवीन होते, पण तोंडाने फटकळ म्हणून नाव झालेलं. मी त्याला सरळ विचारलं, "मामा, त्या दिवशी बांधावर ती उभी होती. तुम्ही थांबला का नाहीत?"

तो चिडला नाही. अगदी मायेने, लहान पोराला समजवावं तसं त्याने मला समजावलं.

"अगं पोरी, थांबलू असतू तं इंजन बंद परला असता. नि परत चालू जाला नसता तं?"

त्याच्या कपात अजून अर्धा चहा होता. मी त्याच्यासमोरून कप उचलला, आत नेला आणि मोरीत ओतला.